सदर मालिकेचा शेवट

नरपड पंचक्रोशी चिकू उत्पादक व प्रतवारी सहकारी संस्थेची मासिक सभा दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी चार वाजता भरते, म्हणजे पावणेपाचला भरते. त्या सोमवारी विषयपत्रिकेवर नऊ विषय होते. पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आठवा, हंगामी लेखनिक श्री. जतीन यांना कायम करणे. नववा, आभार.

जतीन तीन वर्षं हंगामी होता. चिकूला बारा महिने फळ येतं आणि त्या फळाची नोंद ठेवणारा मात्र हंगामी, यात संस्थेला काही वावगं वाटत नव्हतं. इतिवृत्त दर महिन्याला कायम व्हायचं. त्याची झेरॉक्स काढणारा जतीन तेवढा राहून जायचा.

त्याच्या आईचा, संगीताबाईंचा, धीर एवढा दांडगा नव्हता. त्यांनी वाणगावच्या बाजारातून एक स्टीलची पाटी करून आणली होती. ‘जतीन, लेखनिक (कायम)’. अक्षरं कोरलेली होती, त्यामुळे खोडायची सोय नव्हती. पाटी कपाटात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली होती आणि संगीताबाई दर दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी ती काढून, पुसून, परत गुंडाळून ठेवत. शेजारणींना त्यांनी मुलगा कायम झाल्याचं केव्हाच सांगून टाकलं होतं. आता फक्त संस्थेला कळायचं बाकी होतं.

तर त्या सोमवारी सातवा विषय (वखारीच्या मागच्या दाराला कडी बसवणे) संपला आणि चहा आला. सगळं बिघडलं ते या चहामुळे.

चेअरमन रामनाथकाकांनी बशीत चहा ओतला. संचालिका हिरकणीकाकूंनी विचारलं, “बघितली का?”

काय बघितली, हे विचारायची गरज नव्हती. त्या पंधरवड्यात डहाणूपासून बोर्डीपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एकच मालिका चालू होती. तिचं नाव इथे देता येत नाही, कारण संस्थेच्या प्रोसिडिंग बुकात ते कुठेच आलेलं नाही. तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘सदर मालिका’ असंच लिहिलं आहे.

“पहिला भाग काय जबरदस्त आहे!” रामनाथकाका म्हणाले.

“फोटोग्राफी एकदम सरस,” सेक्रेटरी नविनभाई म्हणाले.

“आणि त्या बापाचं काम! पण मेलं...” हिरकणीकाकूंनी नाक मुरडलं.

“पण काय?”

“ते तुम्हाला माहीतच आहे.”

सगळ्यांनी मान डोलावली. मग सगळ्यांनी जतीनकडे पाहिलं. तो कप गोळा करत होता.

“जतीन, तू तरुण माणूस,” रामनाथकाका म्हणाले, “तुझं काय मत?”

जतीनने ती मालिका बघितली नव्हती. घरातला टीव्ही संध्याकाळी सात ते साडेदहा आईच्या ताब्यात असे आणि त्याच्या मोबाइलचा डेटा दुपारपर्यंत संस्थेच्याच पीडीएफ उघडण्यात संपे. पण नरपडमध्ये चारचौघांत ‘मी ती मालिका बघितली नाही’ म्हणणं म्हणजे आपल्या दारात चिकूचं एकही झाड नाही असं सांगण्यासारखं होतं. त्यातून पुढचा विषय त्याचाच. त्याने आठवडाभर इकडेतिकडे कानावर पडलेलं एक वाक्य उचललं आणि ठेवून दिलं.

“बाकी ठीक आहे, काका. शेवट गंडलाय.”

“वा!” रामनाथकाकांनी बशी खाली ठेवली. “अगदी माझ्या मनातलं बोललास.”

“मी तेच म्हणणार होते,” हिरकणीकाकू म्हणाल्या.

नविनभाई काहीच म्हणाले नाहीत, कारण ते लिहीत होते.

नविनभाईंच्या लिहिण्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी एका सभेत छताच्या पंख्यावरून बोलाबोली झाली आणि ती लिहायची राहिली. त्यावरून चौकशी लागली. ती चार वर्षं चालली आणि ज्या दिवशी मिटली त्या दिवशी पंखा पडला. तेव्हापासून सभेत उच्चारलेला शब्द नविनभाई सोडत नसत. ‘चेअरमन यांना ठसका लागला. सभेने पाण्याची व्यवस्था केली,’ असा एक ठराव त्यांच्या वहीत आहे आणि त्याला सूचक-अनुमोदक आहेत.

“सूचक जतीन लिहू?” त्यांनी पेन थांबवून विचारलं. “पण तो सभासद नाय ने. नोकर माणूस सूचक कसा चालेल?”

“मग सूचक मी,” रामनाथकाका उदारपणे म्हणाले.

“अनुमोदन माझं,” हिरकणीकाकू म्हणाल्या.

आणि ठराव झाला. ‘ठराव क्र. ७ (अ) : सदर मालिकेचा शेवट गंडला असल्याची बाब कर्मचारी श्री. जतीन यांनी सभेच्या निदर्शनास आणून दिली. त्यावर सविस्तर चर्चा होऊन शेवट गंडलेला असल्याबाबत सर्वानुमते मान्यता देण्यात आली.’

तोवर सव्वासहा झाले होते. रामनाथकाकांनी घड्याळ पाहिलं, मग जतीनला पाहिलं. “तुझा विषय पुढच्या सभेत घेऊ रे. चांगल्या कामाला घाई नको.”

घरी संगीताबाईंनी पाटी पुसली आणि परत गुंडाळली.

पुढची सभा यायच्या आधी लेखापरीक्षण आलं. पॅनेलवरच्या लेखापरीक्षक ऋचा मॅडम तलासरीहून स्कूटरने आल्या, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तीन दिवस कागद वाचले. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रोसिडिंग बुकाच्या एका पानावर बोट ठेवलं.

“बाकी सगळं ठीक आहे. हा सात अ. याला पुरावा कुठाय?”

“पुरावा कशाचा, मॅडम?” रामनाथकाकांनी विचारलं.

“शेवट गंडल्याचा.”

“सगळ्यांनाच माहीत आहे ते.”

“तसं लिहून द्या. कोणाला कोणाकडून माहीत झालं, नावानिशी.”

ऋचा मॅडम वयाने जतीनएवढ्याच असतील, पण सरकारी नमुन्यांच्या सहवासात त्यांचा चेहरा रकान्यांसारखा सरळ झाला होता. त्यांनी कोरा कागद घेतला. “चेअरमन, तुम्ही शेवट पाहिलात?”

“पाहिल्यासारखाच आहे. नविनभाईंनी सांगितलं, दूध आणायला गेलो होतो तेव्हा.”

“नविनभाई?”

“मला तर हिरकणीबेन बोलल्या.”

“हिरकणीताई?”

“माझी भाची वाणगावला असते ना, बँकेत,” हिरकणीकाकू म्हणाल्या. “ती खोटं कशाला सांगेल?”

भाचीला फोन लावण्यात आला. स्पीकरवर भाची म्हणाली, “मी कुठे बघतेय मावशी, मला वेळ आहे का? तुमच्या संस्थेचा तो लेखनिक चेकबुक घ्यायला आला होता, तो म्हणाला.”

सगळ्यांनी जतीनकडे पाहिलं. “मी... म्हणजे बोललो असेन. पण मला तर चेअरमनकाकांनीच सांगितलं होतं. सलूनमध्ये. काकांच्या केसांना रंग लागलेला होता.”

“रंगाचं लिहायची गरज नाही,” रामनाथकाका नविनभाईंना म्हणाले. नविनभाईंनी तेही लिहिलं.

ऋचा मॅडमनी कागदावर पाच नावं लिहून बाण काढले. शेवटचा बाण पहिल्या नावाला येऊन मिळाला आणि छान गोल झाला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. “आवक-जावक जुळतेय,” त्या म्हणाल्या. “माल मात्र कुठे दिसत नाही.”

त्यांनी शेरा मारला. ‘संस्थेने मत प्रत्यक्ष पाहणी न करता स्वीकारल्याचे दिसून येते. पाहणी करून दोष दुरुस्ती अहवाल सादर करावा. तोपर्यंत विषयपत्रिकेवरील त्यापुढील विषय घेऊ नयेत.’

“त्यापुढील म्हणजे आठवा?” जतीनने हळूच विचारलं.

“आठवा,” ऋचा मॅडम हेल्मेट घालता घालता म्हणाल्या, “आणि आभार.”

तातडीने पाहणी उपसमिती नेमण्यात आली. सदस्य रामनाथकाका, नविनभाई आणि हिरकणीकाकू. टिपणं घ्यायला जतीन. स्थळ हिरकणीकाकूंचा हॉल, कारण त्यांच्याकडे पंचावन्न इंची टीव्ही होता आणि खराब होऊ नये म्हणून त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. माणसं जरा धुक्यातली दिसत, पण टीव्ही नवा राहिला होता.

“किती भाग आहेत?” नविनभाईंनी विचारलं.

“आठ दिसतायत,” हिरकणीकाकूंनी रिमोट दाबत सांगितलं. “एकेक पाऊण तासाचा.”

नविनभाईंनी कागदावर गुणाकार केला. सहा तास.

“एक सांगा,” रामनाथकाका म्हणाले. चाळीस वर्षं चिकूची प्रतवारी केलेला माणूस होता तो. “वखारीत क्रेट आलं की आपण काय करतो? शंभराचे शंभर फोडून बघतो का? वरच्या थरातला एक, मधला एक, तळातला एक. तीन फळांत क्रेट कळतं. हे तरी काय वेगळं आहे?”

असा युक्तिवाद डहाणू तालुक्याबाहेर कोणाला सुचला नसता आणि डहाणू तालुक्यात कोणाला खोडता आला नसता. वरचा नमुना म्हणून पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटं घ्यायचं ठरलं. मधला नमुना चौथ्या भागातून कुठलीही दहा मिनिटं. आणि तळ म्हणजे आठव्याची शेवटची दहा.

पाहणी सुरू झाली. वरचा थर नीट गेला. एक म्हातारा बाप हरवलेल्या मुलीच्या चपला पिशवीत घेऊन घरातून निघतो, एवढं कळलं. मध्येच रामनाथकाका बाथरूमला गेले. तिघांच्या समितीत दोघे उरले, म्हणून नविनभाईंनी टीव्ही थांबवायला लावला. जतीनने टिपलं, ‘सहा मिनिटे चाळीस सेकंदांनी गणपूर्तीअभावी पाहणी तहकूब. पात्रे जागच्या जागी थांबवण्यात आली.’ काकांना मधुमेह होता. पात्रं पाच वेळा थांबली.

मधल्या थरात अडचण आली. पडद्यावर एक बाई ढसाढसा रडत होती.

“ही कोण?” हिरकणीकाकूंनी विचारलं.

“वरच्या थरात नव्हती,” नविनभाई म्हणाले.

“दुसऱ्या वाडीचा माल आहे हा,” रामनाथकाकांनी निर्वाळा दिला. “मिसळलाय. लिही जतीन.”

जतीन लिहीत होता. मान खाली घालून तो इतकं लिहीत होता की टीव्ही समोर असूनही मालिका त्याला दिसत नव्हती. ऐकू येत होतं तेही बहुतेक समितीचंच.

मग तळ आला. तोच म्हातारा एका एसटी थांब्यावर उभा आहे. हातात तीच पिशवी. एसटी येते. दार उघडतं. पडदा काळा.

“संपलं?” नविनभाईंनी विचारलं.

“नावं आली ना. संपलं.”

“मुलगी भेटली की नाही? तो एसटीत चढला की नाही? हा काय शेवट झाला?” हिरकणीकाकू संतापल्या, आणि संतापता संतापता त्यांचा चेहरा उजळला. “अगं बाई! गंडलाय!”

“गंडलाय ने!” नविनभाईंनी टाळी दिली.

“आम्ही आधीच सांगत होतो,” रामनाथकाका म्हणाले. एखादी मालिका इतकी वाईट संपल्याचा इतका आनंद त्या किनाऱ्यावर पूर्वी कोणाला झाला नसेल. जतीनला तर गहिवरून आलं. अहवाल त्याने त्याच दिवशी टाइप केला. वरचा थर एक नंबर, मधला दोन नंबर, तळ गोटी, म्हणजे टाकाऊ बारकं फळ. सबब ठराव सात अ योग्य होता.

आणि पुढच्या दुसऱ्या सोमवारी, ऋचा मॅडम समोर बसलेल्या असताना, अहवाल वाचून झाला. रामनाथकाकांनी चष्मा लावून “विषय क्रमांक आठ” असं प्रत्यक्ष उच्चारलं. तेवढ्यात दारात बायजी आली.

बायजी वखारीतल्या निवड करणाऱ्या बायकांची मुकादम. तलासरीकडच्या पाड्यावरून बायकांना टेम्पोत घालून रोज सकाळी आणायची. तिला हजेरीपटावर सही हवी होती. दारात थांबून तिने अहवालाचं शेवटचं पान ऐकलं होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

“काय झालं गं?” हिरकणीकाकूंनी विचारलं.

“तो शेवट नाय, बाय.”

“शेवट नाही म्हणजे?”

“एसटी येते तो आठवा. आजून दोन हायत. नऊ नि दहा या शुक्रवारी येयाचे हायत.” बायजीने हजेरीपट टेबलावर ठेवला. “म्हातारा एसटीत बसंल, मंग काय व्हल ते शुक्रवारीच कळंल.”

“तुला काय माहीत?” रामनाथकाकांनी विचारलं.

“आम्ही बघतांव ना, शेठ. जेवणाच्या सुट्टीत, रोज एक. माझ्या पोरीचा, रूपीचा, मोबाइल क्रेटला टेकवून ठेवायचा नि आठ जणींनी बसायचा.”

“सगळे भाग?”

“मंग? मधला सोडून पुढचा कसा कळंल? ती बाई कशाला रडं, ते तिसऱ्यात हाय.” बायजीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. “तुम्ही तिसरा नाय बघला काय?”

नविनभाईंचं पेन हवेत थांबलं होतं. “सभासद नसलेल्या बाईचं बोलणं लिहायचं तर नाय,” ते पुटपुटले, “पण ऐकलं ने सगळ्यांनी.”

रामनाथकाकांनी सही करून हजेरीपट परत दिला. बायजी गेली. जाताना तिचं हसू वखारीपर्यंत ऐकू येत होतं, आणि मग वखारीतून आठ जणींचं आलं.

“थोडक्यात,” ऋचा मॅडम म्हणाल्या, “जो माल अजून आलेलाच नाही, त्याची प्रतवारी झालेली आहे.”

जतीनला कपाटातली पाटी डोळ्यांसमोर दिसत होती.

“ठराव मागे घेतला तर?” त्याने विचारलं.

“आ भाई!” नविनभाई दचकले. “मागे घ्यायचा तर विशेष सर्वसाधारण सभा. चारशे बारा सभासद. प्रत्येकाचं त्या मालिकेवर एकेक मत. पंख्याच्या वेळी फक्त अकरा होते ने, तर चार वर्षं गेली!”

ऋचा मॅडम पेनचं टोपण काढत-लावत विचार करत होत्या. “शुक्रवारी आवक नक्की होणार?”

“बायजी म्हणते होणार.”

“मग ठराव चुकीचा नाही, आगाऊ आहे,” त्या म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. “आगाऊ ठरावाला हरकत नाही. फक्त माल ठरावाप्रमाणेच आला, असा दाखला जोडा. ज्याने बाब निदर्शनास आणली त्याच्या सहीचा.”

“जतीनच्या,” रामनाथकाका म्हणाले. “झालं तर. विषय आठ, दाखला मिळण्याच्या अधीन राहून मंजूर. शनिवारी दाखला दे, शनिवारी ऑर्डर घे.”

“आणि काका... शेवट चांगला निघाला तर?”

रामनाथकाकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू जतीनने तळातला चिकू त्यांच्या तोंडावर मारला होता. “चारशे बारा सभासदांची संस्था आहे ही. एका म्हाताऱ्याने चपला घेऊन एसटीत बसायचं, आणि आपण खोटं ठरायचं? असा कसा चांगला निघेल?”

शुक्रवारपर्यंत जतीन मनोमन प्रार्थना करत होता. म्हातारा स्वप्नातून जागा होऊ दे. मुलगी परग्रहावर निघू दे. शेवटी सगळ्यांनी मिळून नाचू दे. घरी संगीताबाईंनी शनिवारी ड्रिलवाल्याला बोलावून ठेवलं होतं आणि भिंतीवर पेन्सिलने दोन खुणाही केल्या होत्या.

“आई, मला शुक्रवारी संध्याकाळी टीव्ही लागेल.”

“शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मालिकेत बारसं आहे,” संगीताबाई म्हणाल्या. तो विषय तिथेच तहकूब झाला.

म्हणून शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत जतीन वखारीच्या मागच्या दाराने आत गेला. दाराला कडी बसली होती. आठ बायका डबे उघडून अर्धगोलात बसल्या होत्या. मध्ये क्रेट, क्रेटला टेकवलेला मोबाइल, त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा. एरवी तो या घोळक्याजवळ यायचा ते सुट्टी संपल्याचं सांगायला.

“आजून तासभर हाय, भाऊ,” बायजी म्हणाली.

“मला बघायचंय.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रखमी नावाच्या पोरीने ओढणीत तोंड लपवून हसून घेतलं आणि जागा करून दिली. जतीन गोणपाटावर बसला.

“पहिल्यापासून सांगू काय?” बायजीने विचारलं. आणि तिने सांगितलं. आठ भाग तिने पाच मिनिटांत सांगितले, एकही पात्र न गाळता. ती बाई का रडत होती तेही जतीनला कळलं, आणि कळल्यावर त्याला वाटलं, समितीसमोर हिरकणीकाकूंनी तिला ‘दुसऱ्या वाडीचा माल’ म्हटलं हे काही बरं झालं नाही. मग आठवलं, म्हणाले होते काका. त्याने फक्त लिहिलं होतं.

नववा त्यांनी पुढे ढकलत पाहिला, कारण सकाळी टेम्पोतच पाहून झाला होता. मग दहावा. शेवटी म्हातारा एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचतो. दाराआडून त्याच्या मुलीचा आवाज येत असतो. ती कोणालातरी जेवायला हाक मारत असते, हसत असते. तो कडी वाजवायला हात वर करतो. तसाच ठेवतो. मग पिशवीतून चपला काढतो, त्यांची धूळ पुसतो, दाराबाहेर इतर चपलांच्या रांगेत नीट जोडून ठेवतो आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहतो. दार उघडत नाही. आतून भांड्यांचे आवाज येत राहतात. बस.

एकीच्या हातात सोललेला चिकू होता, तो तिने खाल्ला नव्हता. जतीनच्या नाकात काहीतरी व्हायला लागलं. त्याने चिकूच्या धुळीचं निमित्त करून डोळे पुसले. वखारीत येणारा चिकू धुतलेला असतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

“कसा वाटला, भाऊ?” बायजीने विचारलं.

जतीनने घसा साफ केला. तोंड उघडलं. त्याच्या खिशातून टाइप केलेला दाखला अर्धा बाहेर आला होता, खाली फक्त सही करायची होती.

“मना खरा सांग,” बायजी म्हणाली. “आम्ही कुठं लिवतांव?”

“खूप चांगला आहे,” जतीन म्हणाला. “इतकं चांगलं मी काही बघितलंच नाही.”

“हां,” बायजी म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं. “आता जा. सही करून ये.”

त्याने सही केली. शनिवारी सकाळी अकराला. ‘दाखला देण्यात येतो की, मी खाली सही करणार याने सदर मालिकेचा शेवट समक्ष पाहिला असून तो ठराव क्र. ७ (अ) प्रमाणे गंडलेला आढळून आला.’ नविनभाईंनी गोल शिक्का मारला. रामनाथकाकांनी ऑर्डर हातात दिली आणि पाठीवर थाप मारली. ऑर्डरीत एक अट होती. सेवा कायम राहण्यासाठी कर्मचाऱ्याचे मत कायम राहणे आवश्यक राहील. दुपारी संगीताबाईंच्या दाराशेजारी पाटी बसली. सरळ बसली आहे का हे त्यांनी रस्त्यापलीकडून तीनदा पाहिलं, आणि चौथ्यांदा शेजारणीला नेऊन दाखवलं.

कायम लेखनिक म्हणून जतीनने पहिलं काम केलं ते सोमवारी. वखारीच्या भिंतीवर नोटीस लावली. ‘सर्व निवड कामगारांना सूचना. सदर मालिकेच्या शेवटाबद्दल संस्थेच्या ठरावाशी विसंगत मत वखारीच्या आवारात व्यक्त करू नये. हुकुमावरून.’

बायजीने कमरेवर हात ठेवून नोटीस वाचली. बाकीच्या सात जणींना वाचून दाखवली.

“रडायची बंदी नाय ना लिवली?” तिने विचारलं.

“नाही,” जतीन म्हणाला.

“मंग बरां.” आणि सगळ्या कामाला लागल्या.

संस्थेत आता सगळं सुरळीत आहे. रामनाथकाका कोणी भेटलं की सांगतात, आमच्या संस्थेने त्या मालिकेचा शेवट येण्याआधीच ओळखला. शेवट अजून त्यांनी पाहिलेला नाही. त्यांना गरज नाही. मत वाणगावच्या बँकेपर्यंत जाऊन, दाखला घेऊन परत आलं आहे.

राहता राहिलात तुम्ही. ती मालिका कुठली ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिला भाग दहा मिनिटं, मधलं एक रडणं, आणि शेवटची एक पायरी, एवढंच तुमच्यासमोर आलं. बरोबर तीन फळं. तरी तिच्याबद्दल तुमचं मत झालेलं आहे. आज ना उद्या चहाच्या वेळी ते तुम्ही कोणालातरी सांगाल. आणि ही गोष्ट वाचली का, असं त्याने उलट विचारलं, तर कप खाली ठेवत म्हणाल, वाचली, बरी आहे, शेवट जरा गंडलाय.

नविनभाई वही उघडून बसलेच आहेत. तुमचं पूर्ण नाव तेवढं सांगा.